एक संगणक, दोन उतरंडी

(विद्यार्थी-पालक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज संगणकावर चार शब्द बोलावेत, असा संस्थेचा आग्रह होता. संगणक हा विषय समुद्रासारखा आहे. समुद्रावर भाषण करण्यापेक्षा एका विहिरीचे पाणी नीट काढून दाखवावे, असे मी ठरविले. म्हणून मी एकच लहानसा प्रश्न घेतो. एकाच संगणकावर, एकाच तारेवरून, दोन निरनिराळ्या पद्धतींचे जाळे एकाच वेळी कसे चालते? प्रश्न कारागिराचा आहे हे मला मान्य आहे. परंतु याच प्रश्नाने मला माझ्या नोकरीच्या सुरुवातीला रडविले आणि पुढे तीस वर्षे भाकरी दिली. त्यातून जे शिकलो ते आपल्या मुलांच्या शिक्षणालाही लागू पडते असे मला वाटते. म्हणून पालकांनीही कंटाळा न करता ऐकावे, अशी विनंती आहे.

तोंड एक, भाषा अनेक

आपल्या घरातले दहा वर्षांचे मूल पाहा. आईशी ते घरच्या बोलीत बोलते. कोकणात असेल तर कोकणी, घाटावर असेल तर दखनी. बाजारात मराठी, वर्गात मराठी किंवा उर्दू, आणि मोठे झाल्यावर कार्यालयात इंग्रजी. तोंड एकच आहे. तरीही भाजीवाल्याशी इंग्रजी आणि साहेबांशी बोली अशी गल्लत ते सहसा करीत नाही. समोर कोण आहे हे पाहून त्याची भाषा बदलते.

संगणकांनाही एकमेकांशी बोलण्यासाठी भाषा लागते. नुसती भाषा नव्हे, तर बोलण्याची रीत लागते. आधी कोणी बोलावे, पत्ता कसा लिहावा, ऐकू आले नाही तर काय करावे, संभाषण कसे संपवावे, हे सारे आधी ठरलेले असावे लागते. या ठरलेल्या रीतीस प्रोटोकॉल म्हणतात. आणि ही रीत एका तुकड्यात लिहिलेली नसते. तिचे थर असतात.

आपल्या आजीच्या स्वयंपाकघरातील उतरंड आठवा. खाली मोठे मडके, त्यावर लहान, त्यावर आणखी लहान. प्रत्येक मडक्यात वेगळी वस्तू, पण भार खालच्यावर. संगणकाचे जाळे असेच रचलेले असते. सर्वांत खाली तार आणि ती जोडण्याचे कार्ड. त्यावर कार्डाला चालविणारा कार्यक्रम, ज्याला ड्रायव्हर म्हणतात. त्यावर पत्ते सांभाळणारा थर, त्यावर निरोप नीट पोहोचला की नाही हे पाहणारा थर, आणि सर्वांत वर आपण वापरतो तो कार्यक्रम. इंग्रजीत या रचनेला स्टॅक म्हणतात. मी तिला उतरंडच म्हणणार आहे.

आता प्रश्न असा की एकाच बुडावर दोन उतरंडी उभ्या करता येतील काय?

भांडणाचे मूळ

आयबीएमचा वैयक्तिक संगणक १९८१ च्या ऑगस्टमध्ये बाजारात आला. तो एकट्या माणसाने एकटे काम करण्यासाठी होता. जाळ्याचा विचार नंतर आला, आणि आला तो अनेक दिशांनी. नॉव्हेल कंपनीच्या नेटवेअरने कार्यालयातील फायली आणि छपाईयंत्र सर्वांना वाटून दिले. त्याची भाषा आयपीएक्स. विद्यापीठे आणि युनिक्स यंत्रे टीसीपी/आयपी बोलत. ही भाषा व्हिंट सर्फ आणि बॉब कान या दोघांनी १९७४ मध्ये मांडलेल्या विचारातून वाढली. ॲपलची यंत्रे ॲपलटॉक बोलत. लहान कार्यालयांत नेटबीयूई नावाची एक भाषा होती. ती झटपट चाले, परंतु राउटर ओलांडून दुसऱ्या जाळ्यात जात नसे.

कार्यालयातील माणसाला मात्र एकापेक्षा अधिक भाषांची गरज पडू लागली. हिशेब नेटवेअरवर आणि मालाची नोंद युनिक्स यंत्रावर, असे सर्रास असे. आणि येथे घोडे अडले. जुन्या पद्धतीत आयपीएक्सचा कार्यक्रम आणि कार्डाचा ड्रायव्हर एकत्र शिवून एकच फाइल तयार करीत. ती फाइल चालू झाली की कार्ड तिचे. दुसऱ्या भाषेने दार ठोठावले तर उघडणारे कोणी नाही. मग काय करावयाचे? संगणक बंद करून पुन्हा सुरू करावयाचा आणि दुसरी फाइल चढवावयाची. नाहीतर प्रत्येक टेबलावर दोन संगणक ठेवावयाचे.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. तार या भांडणात दोषी नव्हती. इथरनेटची तार १९७३ मध्ये रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत कल्पिली, तेव्हापासून तिला भाषेशी काही देणेघेणे नव्हते. ती पाकिटे वाहते. पाकिटावर आधी ज्याला द्यावयाचे त्याचा सहा बाइटांचा पत्ता, मग पाठविणाऱ्याचा सहा बाइटांचा पत्ता, आणि त्यानंतर दोन बाइटांचे एक लेबल असते. आत कोणत्या भाषेतील पत्र आहे हे ते लेबल सांगते. टीसीपी/आयपीच्या पाकिटावर ०८००, आयपीएक्सच्या पाकिटावर ८१३७. म्हणजे एकाच तारेवर दहा भाषांची पाकिटे एकामागोमाग जाऊ शकतात. अडचण होती ती घरात शिरल्यानंतरची. लेबल वाचून वाटप करणारा कोणी नव्हता.

वाटप करणारा माणूस

मुंबईच्या चाळीत पोस्टमन कधी कधी सर्व पत्रे खालच्या दुकानदाराकडे ठेवून जात असे. दुकानदार पाकिटावरचे नाव वाचून वरच्या बिऱ्हाडांना पत्रे देई. पत्र फोडून वाचणे त्याचे काम नव्हे. फक्त वरचे नाव पाहावयाचे.

संगणकात नेमका हा दुकानदार बसविण्यात आला. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात एफटीपी सॉफ्टवेअर या अमेरिकन कंपनीमुळे पॅकेट ड्रायव्हर नावाची खुली पद्धत पसरली. वरचा कार्यक्रम ड्रायव्हरला सांगे, "अमुक लेबलाची पाकिटे आली तर ती माझी." दुसरा कार्यक्रम दुसऱ्या लेबलाची मागणी नोंदवी. दोघांचे भांडण संपले. १९८९ च्या सुमारास मोठ्या कंपन्यांनीही हेच केले. नॉव्हेल आणि ॲपल यांनी मिळून ओडीआय ही पद्धत काढली, तर मायक्रोसॉफ्ट आणि थ्रीकॉम यांनी एनडीआयएस. दोन्हींचा आशय एकच. ड्रायव्हर वेगळा, भाषा वेगळी, आणि मध्ये वाटप करणारा.

ओडीआय पद्धतीत डॉसच्या संगणकावर चार कार्यक्रम क्रमाने चढवावे लागत. प्रथम एलएसएल, म्हणजे आपला वाटप करणारा दुकानदार. मग कार्डाचा ड्रायव्हर. त्याकाळी एनई२००० नावाचे कार्ड फार प्रचलित होते. मग आयपीएक्सओडीआय, म्हणजे भाषा. आणि शेवटी नेटएक्स, जो सर्व्हरवरील फायली आपल्या संगणकावर दाखवी. टीसीपी/आयपी पाहिजे असेल तर ती दुसरी उतरंड त्याच एलएसएलवर शेजारी उभी राही. काढताना मात्र उलट क्रमाने काढावे लागे. ज्या आजीने उतरंड रचली आहे तिला हे सांगावयास नको. खालचे मडके आधी ओढले तर काय होते, हे तिला ठाऊक असते.

यातही किंमत मोजावी लागे. डॉसच्या कार्यक्रमांना मिळून ६४० किलोबाइट जागा होती. प्रत्येक थर त्यातला तुकडा खाई. दोन उतरंडी चढविल्या की हिशेबाचा मोठा कार्यक्रम "जागा नाही" म्हणून अडून बसे. मग थोडा भाग वरच्या राखीव जागेत सरकविण्याच्या खटपटी चालत. फुकट काही मिळत नसते.

माझा दीड दिवस

आता माझी फजिती सांगतो. वर्ष १९९४. मुंबईच्या फोर्ट भागातील एका कार्यालयात मी नवा आणि हंगामी होतो. पंधरा संगणक होते. पगार आणि हिशेब नेटवेअरच्या सर्व्हरवर, मालाची नोंद एका युनिक्स यंत्रावर. कारकून दिवसातून आठ-दहा वेळा संगणक बंद-चालू करीत. प्रत्येक टेबलावर दुसरा संगणक घ्यावा की काय, अशी चर्चा वर चालली होती. मी पुस्तक वाचले होते. मी धाडसाने सांगितले, "साहेब, नवा संगणक नको. एकाच संगणकावर दोन्ही चालवून दाखवितो."

परवानगी मिळाली. मी एका टेबलावर दोन्ही उतरंडी चढविल्या. नेट डॉट सीएफजी नावाची एक साधी फाइल असते. तिच्यात कार्डाची माहिती आणि पाकिटांचे प्रकार लिहावे लागतात. पाकिटांचे प्रकार म्हणण्याचे कारण असे की इथरनेटचे पाकीट तेव्हा एकाच नमुन्याचे राहिले नव्हते. टीसीपी/आयपीला 'इथरनेट टू' नमुना लागे, ज्यावर मघाचे दोन बाइटांचे लेबल असते. आमचा सर्व्हर मात्र '८०२.३' नमुन्यात बोले. त्यात लेबलाच्या जागी पत्राची लांबी लिहिलेली असते. भाषा कोणती हे पाकिटावर नसेच. आतल्या पत्राचे पहिले दोन बाइट पाहून ते आयपीएक्स आहे असे ओळखावे लागे. मी दोन्ही नमुने फाइलीत लिहिले. वर 'इथरनेट टू', खाली '८०२.३'.

संगणक सुरू केला. युनिक्सचे यंत्र झटकन उघडले. माझी छाती फुगली. मग नेटवेअर सुरू केले, तर पडद्यावर संदेश आला की फाइल सर्व्हर सापडत नाही. पुन्हा सुरू केले, तोच संदेश. तो दिवस महिनाअखेरचा होता. पगाराची यादी त्या दिवशी छापावयाची होती.

मी घाबरलो, आणि घाबरलेला माणूस हाताशी येईल ते धरतो. मी तार धरली. त्याकाळी बारीक कोॲक्सियल तार एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाई, आणि दोन्ही टोकांना पन्नास ओहमची टोपणे असत. मध्येच जोड सोडला तर सगळी ओळ मुकी होते. मी जोड सोडला. पंधराच्या पंधरा टेबले थांबली. मग मी कार्ड बदलले. मग सगळे जोड पुन्हा कसले. रात्र झाली. पगाराची यादी छापली गेली नाही. त्या रात्री मी घरी जेवलो नाही. अब्बांनी कारण विचारले नाही, एवढेच मला आठवते.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या वरिष्ठ ऑपरेटरांनी माझ्या खुर्चीमागे उभे राहून एकच प्रश्न विचारला. "अरे, युनिक्स चालते आहे ना?"

"हो, चालते आहे."

"तेच कार्ड, तीच तार?"

"हो."

"मग तारेला का छळतोस?"

मित्रहो, तेवढ्याने माझे डोळे उघडले. दोन उतरंडी एकाच बुडावर उभ्या आहेत. एक ताठ उभी आहे, दुसरी पडते आहे. मग बूड निर्दोष आहे. दोष दोघींच्या सामायिक भागात असूच शकत नाही. तो जेथे त्या वेगळ्या होतात तेथून वर शोधावयास पाहिजे. मी तार, जोड आणि कार्ड या तीन निर्दोष साक्षीदारांना दीड दिवस मारीत बसलो होतो.

मग दहा मिनिटांत सापडले. आयपीएक्सला वेगळे सांगितले नाही, तर फाइलीत जो नमुना आधी लिहिला असेल तोच ते धरते. मी 'इथरनेट टू' वर लिहिले होते. माझे आयपीएक्स त्या पाकिटात हाका मारीत होते आणि सर्व्हर दुसऱ्या पाकिटाची वाट पाहत होता. मी दोन ओळींची अदलाबदल केली. संगणक सुरू केला. दोन्ही चालले. चूक सर्वस्वी माझी होती. यंत्राने मी सांगितले तेच केले होते.

ही चूक माझ्या एकट्याची खासियत नव्हती, हे मला पुढे कळले. १९९३ मध्ये आलेल्या नेटवेअर ३.१२ पासून नॉव्हेलने पाकिटाचा ठरीव नमुना बदलून '८०२.२' केला. नवा सर्व्हर एका नमुन्यात आणि जुने संगणक दुसऱ्या नमुन्यात, असा प्रकार तेव्हा पुष्कळांच्या वाट्याला आला. भाषा एकच, पण पाकीट वेगळे. तार धडधाकट आणि तरी गाठ पडत नाही.

देशाचे जाळेही दोन भाषा बोलत होते

असे कोणी समजू नये की हा केवळ लहान कार्यालयांचा प्रश्न होता. आपल्या देशात १९८६ मध्ये अर्नेट नावाचे शैक्षणिक आणि संशोधन जाळे सुरू झाले. भारत सरकारचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम यांचा त्यास आधार होता. त्यात पाच आयआयटी, बंगलोरची भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबईची एनसीएसटी ही संस्था होती. जगाची पुढची भाषा कोणती, टीसीपी/आयपी की आंतरराष्ट्रीय मानक म्हणून पुढे आलेली ओएसआय, हे तेव्हा कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नव्हते. म्हणून अर्नेटच्या मुख्य तारांवर दोन्ही उतरंडी चालविल्या गेल्या. १९९५ पासून मात्र जवळजवळ सर्व वाहतूक टीसीपी/आयपीवर आली. शहाण्या माणसांनी आधीच पैज लावली नाही. दोन्ही दारे उघडी ठेवली, आणि काळाने निकाल दिल्यावर एक बंद केले.

त्याच १९९५ च्या १५ ऑगस्टला व्हीएसएनएलने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले, आणि २४ ऑगस्टला विंडोज ९५ आले. विंडोज ९५ मध्ये भाषा चढविणे फार सोपे झाले. एका खिडकीत कार्ड, भाषा, ग्राहक आणि सेवा यांची यादी असे. खुणा करावयाच्या आणि संगणक पुन्हा सुरू करावयाचा. परंतु जे सोपे होते ते न समजताही करता येते, आणि तेथेच धोका असतो. कार्यालयातील सहकाऱ्यांसाठी उघडी ठेवलेली फायलींची कपाटे टीसीपी/आयपीलाही बांधलेली राहिली, तर टेलिफोनवरून इंटरनेट जोडताच ती बाहेरच्या जगालाही उघडी पडत. दोन उतरंडी ठेवणाऱ्याने कोणते मडके कोणत्या उतरंडीत आहे हे ध्यानात ठेवावे लागते.

गेलेल्या आणि आलेल्या भाषा

पुढे काय झाले? नॉव्हेलने स्वतःच १९९८ मध्ये नेटवेअर ५ शुद्ध आयपीवर चालविले. २००१ च्या विंडोज एक्सपीमध्ये नेटबीयूई नेहमीच्या यादीतून गेले. २००७ च्या जानेवारीत विंडोज व्हिस्टा घरोघर विक्रीस आले, त्यात आयपीएक्स नव्हते. २००९ मध्ये ॲपलने मॅकच्या नव्या आवृत्तीतून ॲपलटॉक काढले. मग एकच भाषा उरली आणि माझा विषय संपला काय?

नाही. ज्या व्हिस्टातून आयपीएक्स गेले, त्याच व्हिस्टात एक दुसरी भाषा आपोआप चालू स्थितीत आली. तिचे नाव आयपी आवृत्ती सहा. जुनी आयपी म्हणजे आवृत्ती चार. जुनीतील पत्ता ३२ बिटांचा आहे. त्यातून ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ पत्ते होतात. १९८१ मध्ये ही संख्या अफाट वाटली असेल. परंतु ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक कोठारातील शेवटचे गठ्ठे वाटून झाले. नव्या भाषेतील पत्ता १२८ बिटांचा आहे, आणि पाकिटावरील तिचे लेबल ८६डीडी.

मग एका रात्रीत सगळ्यांनी नवी भाषा का धरली नाही? तसे एकदा झाले होते. १ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेट या अमेरिकेतील जाळ्याने जुनी एनसीपी सोडून टीसीपी/आयपी धरली. तेव्हा यंत्रे मोजकी होती आणि ती चालविणारे एकमेकांना ओळखत. आज कोट्यवधी यंत्रांना एक दिवस ठरवून देणे अशक्य आहे. म्हणून उपाय जुनाच निघाला. दोन्ही उतरंडी शेजारी शेजारी ठेवा. ६ जून २०१२ रोजी जगातील अनेक मोठ्या संकेतस्थळांनी आणि सेवादारांनी आवृत्ती सहा कायमची सुरू केली, पण आवृत्ती चार काढून टाकली नाही. नव्या भाषेच्या वापरात आपला देश आज आघाडीच्या देशांत आहे. आपल्या खिशातील मोबाइलही बहुधा ही नवी भाषा बोलत असेल.

विद्यार्थ्यांनी घरी एक प्रयोग करावा. विंडोजच्या काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिग ही आज्ञा लिहा. बहुधा दोन पत्ते दिसतील. एक ठिपक्यांनी तोडलेला, तो आवृत्ती चारचा. दुसरा लांबलचक, विसर्गासारख्या चिन्हांनी तोडलेला, तो आवृत्ती सहाचा. दुसरा जर 'एफई८०' ने सुरू होत असेल तर तो फक्त आपल्या उंबरठ्याच्या आतला पत्ता आहे. तेवढ्याने बाहेरची वाट आहे असे समजू नये. मग पिंग या आज्ञेस एकदा -४ आणि एकदा -६ जोडून एखाद्या संकेतस्थळाला हाक मारा. कोणती उतरंड उभी आहे आणि कोणती पडली आहे ते तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल.

अलीकडे एका ओळखीच्या घरी गेलो होतो. मुलगा म्हणाला, "चाचा, ब्राउझर चालतो, पण हा जुना कार्यक्रम अर्धा मिनिट अडकून बसतो. वायफाय खराब आहे." मी विचारले, "ब्राउझर चालतो आहे ना?" आणि मला माझ्या खुर्चीमागे उभे राहिलेले ते वरिष्ठ आठवले. ब्राउझर हुशार असतो. तो नव्या भाषेत हाक मारतो, आणि सेकंदाच्या चौथ्या भागाएवढ्या वेळात उत्तर आले नाही तर जुन्या भाषेतही हाक मारतो. जो आधी उत्तर देईल तो त्याचा. हे शहाणपण जुन्या कार्यक्रमात नव्हते. तो नव्या भाषेत हाक मारून वाट पाहत बसे. त्या घरची नवी वाट पुढे कोठेतरी तुटलेली होती. वायफाय निर्दोष होते. १९९४ चा प्रश्न, उत्तरही १९९४ चेच. फक्त भाषांची नावे बदलली होती.

आणखी एक इशारा. दोन उतरंडी म्हणजे दोन दारे. पुष्कळ ठिकाणी आवृत्ती चारच्या दाराला भक्कम कुलूप असते आणि आवृत्ती सहाचे दार आहे हेच कोणाला ठाऊक नसते. चोर उघड्या दारानेच येतो. जे दार वापरावयाचे त्याला पहारा ठेवा. जे वापरावयाचे नाही ते जाणूनबुजून बंद करा. परंतु आहे हे माहीत नाही, अशी स्थिती ठेवू नका.

पालकांसाठी दोन शब्द

आता मी शेवटाकडे येतो. १९९५ मध्ये मी एका विशिष्ट पद्धतीचे प्रमाणपत्र घेतले. त्याची फी माझ्या पगाराच्या मानाने फार मोठी होती. अब्बांनी उसने पैसे आणून ती भरली. ती पद्धत काही वर्षांतच मागे पडली. कोणत्या आज्ञेपुढे कोणते अक्षर लिहावे हे मी पाठ केले होते, ते सर्व वाया गेले. कोणाचा दोष नव्हता. या धंद्याची चालच अशी आहे.

पण त्याच अभ्यासात मी आणखी एक गोष्ट शिकलो होतो. थर म्हणजे काय, पाकीट म्हणजे काय, लेबल कशासाठी असते, आणि एक चालते नि दुसरे चालत नाही तर दोष कोठे शोधावा. ते एक अक्षरही वाया गेले नाही. आयपीएक्स गेले तरी ते उरले. आवृत्ती सहा आली तेव्हा मला नवे पुस्तक उघडावे लागले, परंतु नवी बुद्धी आणावी लागली नाही.

म्हणून पालकांना माझे सांगणे आहे. मुलाला एखाद्या वर्गात घालताना जाहिरातीतील नाव पाहून फी भरू नका. मुलगा असो की मुलगी, तीन महिन्यांनी त्याला किंवा तिला जवळ बसवा आणि विचारा, "हे कसे चालते ते मला सांग." नुसती बटणांची नावे सांगितली तर समजा की पैसे वरच्या मडक्यात पडत आहेत. खालपासून सांगू लागले, तर पैसे योग्य ठिकाणी पडत आहेत. आपल्याला संगणक येत नाही म्हणून विचारण्यास लाजू नका. ज्याला समजले आहे त्याला आजीलाही समजावता येते.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापुढे काही बिघडेल तेव्हा हात लावण्यापूर्वी एक क्षण थांबा. "काय बिघडले?" हा प्रश्न सगळेच विचारतात. तुम्ही त्याआधी विचारा, "काय चालते आहे?" जे चालते आहे ते अर्धी वाट दाखविते. हा एक प्रश्न मला वेळेवर सुचला असता तर त्या महिन्यात पंधरा टेबलांची माणसे पगाराची वाट पाहत बसली नसती.